सैल आणि काटेकोर समानता

चलाचा (मूल्य साठवणाऱ्या नावाचा) प्रकार, म्हणजे संख्या, मजकूर वगैरे, आधी जाहीर करावा लागत नाही अशा, म्हणजे डायनॅमिक टायपिंगच्या, काही प्रोग्रॅमिंग भाषांत समानता तपासायला दोन चिन्हे असतात. सैल तुलना (==) प्रकार वेगळे असतील तर आधी मूल्यांचे रूपांतर करते. काटेकोर तुलना (===) प्रकार वेगळे दिसताच 'असत्य' सांगून मोकळी होते. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी ही ठळक उदाहरणे. पायथनही डायनॅमिकच, पण तिथे "५" == ५ असत्यच येते, कारण अवतरणातले "५" हा मजकूर (स्ट्रिंग) आहे, संख्या नाही; म्हणजे घोळ मूळचा डायनॅमिक टायपिंगचा नाही, न सांगता होणाऱ्या रूपांतराचा आहे.

जावास्क्रिप्टमध्ये या रूपांतराचा ओढा संख्येकडे असतो. स्ट्रिंग आणि संख्या समोरासमोर आल्या की स्ट्रिंगची संख्या होते. बूलियनचे (ट्रू म्हणजे सत्य, फॉल्स म्हणजे असत्य, या मूल्यांचे) १ किंवा ० होते. ऑब्जेक्टमधून (अनेक मूल्ये एकत्र बांधणाऱ्या रचनेतून) आधी साधे मूल्य काढले जाते. त्यामुळे "२" == ट्रू असत्य ठरते, कारण तुलना २ आणि १ यांची होते. रिकाम्या स्ट्रिंगची संख्या ० होते, म्हणून "" == ० सत्य आणि "०" == ० सुद्धा सत्य; मात्र "" == "०" असत्य, कारण दोन्ही स्ट्रिंगच असल्याने रूपांतर होतच नाही. अ=ब, ब=क, म्हणून अ=क हा शाळेतला नियम इथे मोडतो, आणि खरी अडचण हीच आहे. नल (मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य) हे अनडिफाइन्डशी (अजून दिलेच नाही अशा मूल्याशी) सैल समान असते, पण ० शी नाही.

जावास्क्रिप्ट बनवणाऱ्या नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९७ साली जावास्क्रिप्ट १.२ मध्ये == मधले रूपांतर काढून पाहिले होते; १.३ मध्ये ते परत आले. === हे चिन्ह १९९९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ३ मध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाणित व्याख्येत) प्रमाण झाले.

पीएचपीत हा प्रश्न थेट सुरक्षेचा होतो. दोन्ही स्ट्रिंग संख्येसारख्या दिसल्या तर == त्यांना संख्या मानते. "२४०६१०७०८" या स्ट्रिंगचा एमडी५ हॅश (मजकुरापासून ठराविक पद्धतीने काढलेला ठराविक लांबीचा ठसा) शून्य, मग 'ई' आणि पुढे नुसते आकडे असा निघतो. असा हॅश घातांकातली संख्या, म्हणजे ०, म्हणून वाचला जातो. त्याच धाटणीचे दोन वेगळे हॅश मग 'समान' ठरतात आणि हॅशवरून होणारी पासवर्डची तपासणी फसते. नोव्हेंबर २०२० च्या पीएचपी ८.० ने ० आणि अंक नसलेली स्ट्रिंग समान मानणे थांबवले, पण हॅशची ही फट तशीच आहे. एका मूल्याची अनेक पर्यायांशी तुलना करून वाट निवडणारे पीएचपीचे स्विच आजही सैल तुलना करते, त्याच कामाचे ८.० मधले मॅच काटेकोर. जावास्क्रिप्टचे स्विच पहिल्यापासून काटेकोर आहे.

काटेकोर तुलनेलाही मर्यादा आहेत. जावास्क्रिप्टमध्ये नॅन ('संख्या नाही' हे दाखवणारे खास मूल्य) === नॅन असत्य येते, तर +० आणि -० समान ठरतात. दोन अ‍ॅरेंतला (मूल्यांच्या याद्यांतला) मजकूर हुबेहूब असला तरी त्या स्मृतीत वेगळ्या असतील तर उत्तर नकारार्थीच. फॉर्ममधून आलेला आकडा स्ट्रिंग असतो, म्हणून === वापरताना त्याची आधी उघडपणे संख्या करून घ्यावी लागते; त्यात फॉर्मची रिकामी सोडलेली जागा तपासायची राहिली, तर तिचे गुपचूप ० होते. == चा एकच सर्रास मान्य वापर उरतो: क्ष == नल, कारण त्यात नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही एका झटक्यात तपासले जातात.