आश्रमशाळांतील किशोरवयीन आरोग्य

आदिवासी मुलामुलींच्या निवासी शाळांमध्ये 10 ते 19 या वयोगटाच्या आरोग्याची घेतली जाणारी काळजी. महाराष्ट्रातील आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात; काही शासकीय आहेत, काही संस्थांनी चालवलेल्या अनुदानित. इतर शाळांतले मूल संध्याकाळी घरी जाते. इथे अंघोळीचे पाणी, ताटातली भाजी आणि रात्री-अपरात्री चढलेला ताप, सगळ्याची जबाबदारी शाळेवर असते. त्यामुळे मुलांचे आरोग्य शिक्षकांइतकेच अधीक्षक, अधीक्षिका आणि स्वयंपाकी यांच्या हातात असते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला. रक्तक्षय टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, मग पुढच्या आठवड्यात मुले ती गुपचूप टाकून देतात. म्हणून जेवणानंतर, समोर उभे राहूनच ती द्यायला हवी.

विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा (यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात) प्रश्न मोठा आहे. प्राथमिक तपासणी सोपी असते. बोटातून घेतलेले थोडे रक्त द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघा असलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर संशय. मूल केवळ वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः सहसा आजारी नसलेले) आहे की रुग्ण, हे मात्र या तपासणीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी) पुढची तपासणी लागते. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे, पण निकाल केवळ आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत राहिला तर मुलाला त्याचा उपयोग नाही. कमी पाणी पिणे, पहाटेची गार पाण्याची अंघोळ, ताप किंवा अतिश्रम यांमुळे रुग्णाच्या हाडासांध्यांत असह्य वेदना सुरू होऊ शकतात. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलाला लोहाची गोळीही सरसकट देता येत नाही. तेव्हा मुलाचे गुपित राखूनही अधीक्षकाला निकाल ठाऊक असलाच पाहिजे.

वयात येताना पडणारे प्रश्न मुले सहसा विचारत नाहीत. गडचिरोलीत आदिवासी भागात काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेल्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत शरीर, पाळी आणि लैंगिकता यांवर मोकळेपणाने बोलले जाते. गोंडी किंवा माडिया घरातून आलेल्या मुलीला हे तिच्या बोलीत सांगणारी बाई मिळाली, तर ती लवकर बोलती होते. पाळीच्या दिवसांत मात्र नुसते पॅड वाटून भागत नाही. स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला आतून कडी हवी.

पूर्व विदर्भात खर्रा ही आणखी एक काळजी आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ मोठ्यांच्या देखत मुलांच्या तोंडात जातो. 2003 च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे. सुट्टीत गावी गेलेल्या मुलाला घरातच खर्रा मिळतो, तिथे हा कायदा पोहोचत नाही. त्यामुळे पालकसभेत हा विषय घेणे शाळेला टाळता येत नाही.