वापरलेला कॅमेरा घेताय? पैसे देण्याआधी मूळ फाइल पाठवा

‘ही जाहिरात बघा, घेऊ का?’ असं विचारत रोज कुणी ना कुणी आम्हाला, म्हणजे कॅमेरे तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांना, स्क्रीनशॉट पाठवतं. उत्तर द्यायची आमची मनापासून इच्छा असते, पण स्क्रीनशॉटवरून ते देता येत नाही. जाहिरातीत कॅमेरा बाहेरून कसा दिसतो तेवढंच कळतं. त्याचं दुखणं असतं ते त्याने काढलेल्या फोटोत. कोपऱ्यांचा रंग उडालेली, रबर झिजलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आतून ठणठणीत असू शकते, कारण ती रोज वापरात राहिली आणि वापरणाऱ्याने तिची निगा राखली. उलट ‘बॉक्ससकट, अगदी नव्यासारखी’ लेन्स वर्षानुवर्षं बंद कपाटात राहून आतून फंगस (बुरशी) धरते.

म्हणून आमची एकच विनंती आहे. पैसे देण्याआधी त्या कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फाइली आम्हाला पाठवा. पैसे देऊन झाल्यावर ‘जरा बघून सांगा’ म्हणत आणलेल्या कॅमेऱ्यात आम्ही दोष दाखवला, तर तुमच्या हाती मनस्ताप सोडून काही उरत नाही. तोवर विक्रेता फोन उचलायचा बंद झालेला असतो.

मूळ फाइल वाटेत कशी बिघडते

विक्रेत्याला भेटायला जाताना तुमचं स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड न्या. ते कॅमेऱ्यात घालून खाली सांगितलेले फोटो काढा आणि फाइली जशाच्या तशा पाठवा. काम सोपं आहे, पण आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

बरेच जण फोटो फोनवर घेतात आणि व्हॉट्सॲपवर नेहमीच्या फोटोसारखे पाठवतात. तसं केलं की फोटोचा आकार लहान होतो, बारीक तपशील पुसले जातात आणि फाइलमधली एक्झिफ माहितीही निघून जाते. एक्झिफ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः लिहून ठेवलेली नोंद: मॉडेल, लेन्स, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत आला), ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र), आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता), तारीख आणि बऱ्याच मॉडेलांत बॉडीचा सिरियल नंबरसुद्धा. ती गेली की फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या सेटिंगवर काढला हे आम्हाला कळायला मार्ग नाही. सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी आतली चिप; तिच्यावरचा बारीक ठिपका तर लहान झालेल्या फोटोत दिसतच नाही. मग आम्ही ‘पुन्हा पाठवा’ म्हणतो, तुम्ही विक्रेत्याला पुन्हा फोन करता, तो वैतागतो, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी कॅमेरा घेऊन जातं.

कॅमेरा कंपनीच्या ॲपने वायफायवरून फोटो फोनवर उतरवले तरी अडचण येऊ शकते. अनेक ॲपमध्ये सेटिंग बदललं नाही तर दोन मेगापिक्सेलची छोटी प्रतच उतरते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा फोनने काढलेला फोटो तर अजिबात उपयोगाचा नाही. कार्ड रीडरने फाइली घ्या आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हची लिंक देऊन पाठवा. कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग (नेहमीची फोटो फाइल) दोन्ही एकदम साठवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

बॉडीच्या तळाशी असलेल्या सिरियल नंबरचा फोटोही सोबत हवा. तो फाइलमधल्या नंबराशी जुळला नाही तर विक्रेत्याला कारण विचारा. दुरुस्तीत आतला बोर्ड बदललेला असू शकतो, पण मग त्या दुरुस्तीचं बिलही असायला हवं. नंबर खरवडलेला असेल तर सौदा तिथेच थांबवा, कॅमेरा कितीही आवडलेला असो.

कोणते फोटो काढायचे

सगळ्यांत महत्त्वाचा फोटो एकसारख्या पांढऱ्या भिंतीचा किंवा स्वच्छ आकाशाचा. आयएसओ 100, ॲपर्चर एफ/16, आणि फोकस मुद्दाम चुकवलेला. सेन्सरवर धूळ असेल तर ती करड्या ठिपक्यांसारखी उमटते. धूळ साफ होते, तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नका. पण काही मॉडेलांच्या बाबतीत याच फोटोला जास्त अर्थ असतो. 2012 साली आलेल्या निकॉन डी600 मध्ये सेन्सरवर पुन्हा पुन्हा ठिपके येण्याची तक्रार इतकी वाढली की कंपनीने पुढे तपासणी करून शटर (सेन्सरसमोर उघडणारे-मिटणारे पडदे) मोफत बदलून दिलं. 2013 मध्ये त्याच्या जागी डी610 बाजारात आला. डी600 घेत असाल तर शटर बदललंय का हे विचारा. 2009 च्या लायका एम9 मध्ये सेन्सरवरची काच खराब होण्याचा दोष आहे आणि तोही एफ/16 च्या फोटोत दिसतो. तिथे सेन्सर बदलल्याचा कागद मागा.

मग लेन्सला टोपी लावून काही सेकंदांचा एक फोटो. दोन-चार रंगीत ठिपके कुठल्याही सेन्सरवर सापडतात आणि काही कॅमेऱ्यांत मेन्यूतल्या पिक्सेल मॅपिंगने (असे ठिपके झाकणाऱ्या सोयीने) ते जातातही. चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ दिसली तर मात्र दुखणं गंभीर आहे. स्टेजवरच्या लेझरचा झोत थेट सेन्सरवर पडून अशी रेघ येऊ शकते. कॅमेरा लग्नसमारंभात किंवा कार्यक्रमांत वापरलेला असेल तर हा फोटो विसरू नका.

त्यानंतर उजेडातल्या भिंतीकडे कॅमेरा धरून, शटर मेकॅनिकलवर (इलेक्ट्रॉनिकवर नव्हे) ठेवून, सर्वांत वेगवान शटर स्पीडवर एका दमात पाच-सहा फोटो. 1/4000 किंवा 1/8000 सेकंदाला शटरचे दोन पडदे एकमेकांच्या मागे अगदी अरुंद फट ठेवून धावतात. त्यांतला एक जरी थकला असेल तर फोटोची एक बाजू काळवंडते, किंवा सहापैकी एखादा फोटो बाकीच्यांपेक्षा वेगळा येतो. सावकाश स्पीडवर हे कळत नाही, म्हणून विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतं. त्याने लपवलंच असेल असं लगेच धरू नका.

लेन्ससाठी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ ठेवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या. चारही कोपरे थोडे मऊ आले तर तो लेन्सचा स्वभाव आहे. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच पुसट आला, तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी.

फंगस फोटोत सहसा दिसत नाही. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे फंगस, सुटे कण म्हणजे धूळ, आणि सगळीकडे धुरकटपणा म्हणजे हेझ. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्स बॉडीवरून काढल्या की ॲपर्चर मिटतं. मागची छोटी दांडी हलकेच सरकवून ते उघडल्याशिवाय आतलं दिसत नाही. फंगस आम्ही साफ करतो, पण त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग कायमचा राहतो, आणि हे लेन्स उघडल्यावरच कळतं.

एका गोष्टीला मात्र घाबरू नका. बंद कॅमेरा हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळतं म्हणून कित्येकांनी उत्तम कॅमेरे नाकारले आहेत. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेल्या अनेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत वीज बंद असताना सेन्सर मोकळा राहतो आणि असा आवाज येतो. कॅमेरा चालू केल्यावर तो थांबतो.

शटर काउंट

शटर आजवर किती वेळा चाललं, हा आकडा सगळे विचारतात. तो उपयोगाचा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. कंपन्या शटरचं अपेक्षित आयुष्य सांगतात: कॅनन 5डी मार्क 4 साठी 1,50,000, निकॉन डी850 साठी 2,00,000, निकॉन डी5 साठी 4,00,000. त्याआधी बिघडलेली शटरंही आमच्याकडे येतात आणि त्यानंतरही व्यवस्थित चालणारी येतात. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये हा आकडा असतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) तो फोटोच्या फाइलमध्ये नसतो, कॅमेरा संगणकाला जोडून वाचावा लागतो. फाइलच्या नावातला आकडा म्हणजे शटर काउंट नव्हे. तो 9999 झाला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो. ‘फक्त साडेचार हजार फोटो काढलेत’ असं सांगणारा विक्रेता बऱ्याचदा प्रामाणिकपणे हीच चूक करत असतो.

जुने छोटे डिजिटल आणि फिल्म कॅमेरे

2000 च्या दशकातले सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे छोटे कॅमेरे हल्ली खूप जण घेतात. ‘कार्ड एरर’ म्हणून ते आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांत 32 जीबीचं कार्ड असतं. एसडीएचसी कार्डं 2006 मध्ये आली, त्याआधीचे बहुतेक कॅमेरे 2 जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच ओळखतात. त्या काळच्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, ते आता शोधावं लागतं. कार्ड मिळाल्याशिवाय कॅमेरा घेऊ नका. चित्र जांभळट, वेडंवाकडं किंवा पूर्ण काळं येत असेल तर तो कॅमेरा घेऊ नका. सोनीने बनवलेल्या त्या काळातल्या काही सीसीडींत उष्ण-दमट हवेत बिघडण्याचा दोष होता. तो 2005 मध्ये जाहीर झाला, आणि कॅनन, निकॉनच्या काही कॅमेऱ्यांतही तेच सेन्सर होते.

फिल्म कॅमेऱ्यात मागचं दार उघडून कडेचा फोम बोटाने दाबून बघा. चिकट काळा चुरा बोटाला लागला तर तो बदलावा लागेल, काम छोटं आहे. 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात 1.5 व्होल्टची अल्कलाइन घातली तर लाइट मीटर (उजेड मोजणारा भाग) चुकीचा आकडा दाखवू शकतो. ‘मीटर बिघडलंय’ म्हणून किंमत पाडण्याआधी हे तपासा.

विकणाऱ्यांसाठी

‘शेवटचं किती?’ विचारून गायब होणाऱ्यांचा त्रास आम्ही रोज ऐकतो. त्यावर आम्हाला दिसलेला उपाय एकच: वरचेच फोटो तुम्ही आधी काढा आणि मूळ फाइलींची लिंक जाहिरातीत द्या. दोष असेल तर तोही लिहा. मग उगाच विचारणारे कमी होतात आणि खरा गिऱ्हाईक पटकन येतो. कॅमेरा देताना सेटिंग मूळ स्थितीला आणा आणि ॲपशी जोडलेला असेल तर ती जोडणी तोडा. मेन्यूतला कॉपीराइटचा रकाना आठवणीने रिकामा करा. तो राहिला तर नव्या मालकाच्या प्रत्येक फोटोत तुमचं नाव उमटत राहतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहिल्याशिवाय कॅमेरा हातातून सोडू नका.

तपासणीचे पैसे कशाचे

फाइली पाहून मत देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. कॅमेरा हातात घेऊन केलेल्या तपासणीचे घेतो. ‘कॅमेरा तर चांगला निघाला, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न येतो. बिघडलेल्या कॅमेऱ्याचा दोष कधी कधी पाच मिनिटांत सापडतो. चांगला कॅमेरा चांगला आहे असं लिहून द्यायचं तर सगळ्या चाचण्या कराव्या लागतात, म्हणून त्यालाच जास्त वेळ लागतो. विक्रेत्याकडून आम्ही काही घेत नाही, म्हणून आमचा अहवाल दोघांनाही सारखाच असतो. किंमत किती असावी हे आम्ही सांगत नाही, त्या दिवशीची स्थिती लिहून देतो. कॅमेऱ्याची दुरुस्ती आमच्याकडे केली तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते.

काही वापरलेले कॅमेरे आम्हीही विकतो. ते जाहिरातीतल्या किमतीपेक्षा महाग आहेत, कारण प्रत्येकाचा सेन्सर साफ केलेला असतो, वरच्या सगळ्या चाचण्यांच्या मूळ फाइली सोबत मिळतात आणि तीन महिन्यांत शटर गेलं तर ते आम्ही बदलून देतो. धावपळ करायला वेळ नसेल तर एकदा येऊन बघून जा.

कॅमेरा तपासायला आणताना चार्ज केलेली बॅटरी, चार्जर आणि निदान एक लेन्स आणा. नुसती बॉडी आणली तर निम्म्या चाचण्या होत नाहीत. फाइली संध्याकाळी सहापर्यंत आल्या तर त्याच दिवशी उत्तर देतो. तेवढी सवड विक्रेत्याकडून आधीच मागून ठेवा.