हवादाबी खिळेकाम (घरगुती सुतारकामातील)

हवादाबी खिळेकाम म्हणजे कॉम्प्रेसरने टाकीत दाबून साठवलेल्या हवेच्या जोरावर, खिळेगनच्या साहाय्याने लाकूड, प्लायवुड किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) तुकड्यांत खिळे ठोकण्याची पद्धत. सुतारांच्या बोलण्यात या यंत्राला नुसते ‘गन’ आणि तिच्यातील बारीक, जवळजवळ बिनडोक्याच्या खिळ्यांना ‘पिना’ म्हणतात. हवेवर चालणारी खिळेगन १९५० साली अमेरिकेत बाजारात आली, ती घरांच्या लाकडी जमिनींचे काम वेगाने व्हावे म्हणून. नाशिकमध्ये आज ती फर्निचरच्या कारागिरांबरोबरच हौशी लोकांच्या घरीही दिसते. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना दाबाची हवा, तिचे पाइप, ते जोडणारे कपलर आणि दाब दाखवणारे गेज यांचा रोजचा परिचय असतो. त्यामुळे सुटीच्या दिवशी गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये गणपतीचे मखर, देवघर, चपलांचा स्टँड किंवा पुस्तकांची मांडणी करताना हातोडीऐवजी गन घेणे त्यांना अवघड वाटत नाही.

या पद्धतीविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की गनने मारलेला खिळा सांधा धरून ठेवतो. वास्तविक सांधा धरतो तो डिंक. १८ गेजची (येथे गेज म्हणजे जाडीचे माप) पिन जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. ती ओढ सहन करण्यासाठी नसून, पांढरा डिंक घट्ट होईपर्यंत दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरण्यासाठी असते. जुन्या नाशिकमधील वाड्यांच्या सागवानी खांब-तुळयांत सांध्याचा भार कुसवावर (खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या जिभेवर) आणि खाचेवर असे, खिळ्यावर नव्हे. घरगुती कामात हा भार डिंकाने आणि सांध्याच्या नीट बसण्याने उचलायचा असतो. एकट्याने काम करणाऱ्याला गनचा खरा उपयोग येथेच होतो. मखराच्या चौकटीचा कोपरा डाव्या हाताने काटकोनात धरला, उजव्या हाताने चाप ओढला, की ‘ठक्’ असा एकच आवाज होतो आणि कोपरा जागच्या जागी थांबतो. हातोडीच्या चार ठोक्यांत तोच कोपरा दोन मिलिमीटर सरकतो, आणि वरची बारीक पट्टी चिरते ती वेगळीच. पिनेमागे राहते ती तांदळाच्या दाण्याहून लहान खाच. तिच्यात लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर फिरवला की ती दिसत नाही.

गनची रचना साधी आहे. तिच्या मुठीत हवा सतत भरलेली असते. चाप ओढला की डोक्यातील झडप उघडते, हवा दट्ट्यावर जोराने येते, दट्ट्याला जोडलेले पोलादी पाते खाली उतरते आणि एकमेकींना चिकटलेल्या पिनांच्या पट्टीतील पहिली पिन सुटी करून लाकडात घालते. चाप सोडताच वरची हवा बाहेर निघून जाते आणि खालच्या कप्प्यात साठलेली हवा दट्ट्याला पुन्हा वर ढकलते. बहुतेक पिन-गन ४ ते ७ बार, म्हणजे सुमारे ६० ते १०० पीएसआय दाबावर चालतात (बार आणि पीएसआय ही दाबाची मापे). दाब कमी पडला तर पिन लाकडाच्या वर डोकावत राहते, जास्त झाला तर पातळ प्लाय आरपार भेदला जातो. म्हणून आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन पिना मारून दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर जुळवावा. साग, शिसव किंवा बाभूळ यांना पाइनच्या किंवा प्लायच्या मानाने जास्त दाब लागतो.

खरेदी करताना चूक होते ती बहुधा पिनेच्या लांबीत. बाजारात सहज मिळणारी ‘एफ-३०’ गन ३० मिलिमीटरपर्यंतच्या पिना घेते. कपाटाची ६ मिलिमीटरची पाठ, बीडिंग (शोभेची बारीक पट्टी), लिपिंग (प्लायची कड झाकणारी) पट्टी आणि हलकी मखरे यांना ती पुरेशी असते. परंतु १८ मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या काटकोनात जोडायच्या झाल्या, तर ३० मधून १८ वजा जाऊन दुसऱ्या फळीच्या कडेत केवळ १२ मिलिमीटर पिन उरते आणि डिंक ओला असतानाच सांधा उघडतो. अशा कामाला ५० मिलिमीटरपर्यंतच्या पिना घेणारी ‘एफ-५०’ गन हवी. पिनेची लांबी वरच्या तुकड्याच्या जाडीच्या अडीच ते तीन पट ठेवणे हा धरून चालण्याजोगा हिशेब आहे. वजन पेलणाऱ्या फळ्यांना मात्र डिंकाबरोबर स्क्रूच लावावेत.

कॉम्प्रेसर त्यामानाने लहान चालतो. २४ लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत सुमारे ४८ लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची हवा मिळते; छोटी पिन मारायला एका वेळी लिटरभर हवाही पुरते, म्हणजे मोटर पुन्हा सुरू होईपर्यंत पन्नासएक पिना सहज निघतात. एक अश्वशक्तीची मोटर या कामाला भरपूर होते. पुढे रंगाचा स्प्रे मारायचा विचार असेल तर हा हिशेब कोलमडतो, कारण स्प्रे गनला हवा सलग लागते. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे बारीक वायरच्या लांब एक्स्टेन्शनवर ती नुसती गुरगुरते आणि तापते. कॉम्प्रेसर भिंतीतील सॉकेटजवळ ठेवून हवेचा पाइप लांब घेणे हाच उपाय योग्य होय. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट १० अंशांच्या खाली जाते तेव्हा तेलाच्या कॉम्प्रेसरमधील तेल घट्ट होऊन तो जड सुरू होतो, आणि पांढरा डिंकही नीट धरत नाही. त्या दिवसांत चिकटवण्याचे काम ऊन वर आल्यावर करावे.

धोका प्रामुख्याने हाताला असतो. लाकडातील गाठीला किंवा रेषेला लागून पिन वळते आणि तुकड्याच्या कडेतून बाहेर येते. म्हणून धरणारा हात पिनेच्या लांबीपेक्षा बराच दूर, किमान चार इंचांवर असावा. नाकाशी, म्हणजे पिन बाहेर पडते त्या टोकाशी, सुरक्षा-खटका असलेली, म्हणजे नाक लाकडावर टेकल्याशिवाय न उडणारी गन घ्यावी; स्वस्त गनमध्ये हा खटका पुष्कळदा नसतो आणि तेथे पैसे वाचवणे मुळीच योग्य नाही. चष्मा घातल्याशिवाय चापाला बोट लावू नये. पिन अडकली तर आधी पाइप काढावा, मगच नाक उघडावे. ऑक्सिजनचा किंवा अन्य वायूचा सिलिंडर गनला कधीही जोडू नये. ऑक्सिजनने तिचा स्फोट होतो.

निगा थोडी, पण नेमाने ठेवावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी गनला हवेचा पाइप जोडतात त्या तोंडात हवायंत्रांच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. टाकीतील पाणी हा पावसाळ्याचा विषय आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत २४ लिटरची टाकी एकदा ८ बारपर्यंत भरली, की दाबलेली हवा निवताना तीनेक ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा पाणी तळाशी सुटते. मखराच्या ऐन घाईत टाकी दिवसातून दहा वेळा भरते आणि पाच चमचे पाणी साठते. त्यातील काही पाइपातून गनमध्ये शिरून दट्ट्याचे रबर खराब करते, उरलेले पत्रा आतून खात राहते. म्हणून रोज काम संपल्यावर दाब थोडा उतरवून तळाचा ड्रेन कॉक (पाणी काढण्याची तोटी) उघडावा आणि कोरडी हवा येईपर्यंत तो उघडाच ठेवावा. येणारे पाणी तांबूस दिसू लागले तर गंज सुरू झाला असे समजावे. टाकीला छिद्र पडल्यास वेल्डिंगचे ठिगळ लावून ती वापरू नये, बाद करावी.