इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या

गाडी आयडलिंगला थरथरते, मिस मारते, तुळजापूरचा घाट चढताना दम टाकते, आणि कुणीतरी सांगतं की इंजिन कामाला आलंय, बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करावा लागेल. लगेच हो म्हणू नका. आधी सिलिंडरचं प्रेशर, म्हणजेच कॉम्प्रेशन, मोजून आकडे कागदावर घ्या, एवढं आमच्या गॅरेजचं कळकळीचं सांगणं आहे.

मोजतात कसं, तर इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, पेट्रोल आणि करंट बंद करायचा, गेज लावून ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. बॅटरी फुल पाहिजे नाहीतर सगळेच आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन उगाच खराब ठरतं. पेट्रोल गाडीला साधारण 150 ते 190 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) येतं, डिझेलला 350 ते 450 च्या आसपास, पण शेवटी तुमच्या मॉडेलचा कंपनीचा आकडा खरा. आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये 10-15 टक्क्यांच्या वर फरक नको.

समजा आकडे आले 165, 160, 95, 162. तिसऱ्यात गडबड आहे, पण कसली? त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं (हे फक्त पेट्रोल गाडीला, डिझेलला आत जागाच कमी असते). आकडा 140 वर उडाला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, 100 लाच अडकला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग). मग त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून कान लावायचा: ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असले तरी बहुतेक गॅस्केटच. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट किंवा चेन दात सोडून बसलीय का ते आधी बघायचं.

सीएनजी गाड्यांत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) लवकर झिजून बसतात, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. वेळेत सापडलं तर नुसत्या टॅपेट सेटिंगवर काम भागतं, सीट जळली की मग हेड उतरवावं लागतं.

गॅस्केटचं मात्र आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओततात, आत क्षार धरतो, त्यात मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, गाडी हीट होते आणि हेड वाकतं. अशा वेळी नुसतं नवीन गॅस्केट टाकून चालत नाही, हेडवर पट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बाक बघायचा, लागलं तर फेसिंग करायचं, म्हणजे हेड घासून सपाट करायचं. आणि कृपा करून कूलंटच वापरा, ते पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या.

प्रेशर जास्त आलं तरी खूश होऊ नका, आत कार्बन साचलाय किंवा मागे कुणी हेड जास्त घासलंय. चढाला खडखड ऐकू येते ती त्याचीच, गाडी तशीच चालवली तर पिस्टन जातो. कार्बन असेल तर साफ करून परत मोजायचं.

गाडी आणताना जुनी बिलं असतील तर सोबत आणा, हेडचं काम आधी झालंय का ते त्यावरून कळतं. आकड्यांचा कागद आम्ही तुमच्या हातात देतो, काम दुसरीकडे करायचं असलं तरी तो बिनधास्त घेऊन जा.