रॅपरच्या मागचा इतिहास: ऑब्जेक्ट नक्की कोणी सांभाळायचा?

इंदूरला विजयनगर, सुपर कॉरिडॉरकडे काम करणारी आपली मराठी पोरं रोज पायथनमधे नमपाय या गणिताच्या लायब्ररीचे अ‍ॅरे (आकड्यांच्या याद्या) वापरतात, पण तो आकड्यांचा ढीग सी च्या मेमरीत पडलेला असतो आणि पायथनकडे त्याचा फक्त रॅपर, म्हणजे वरचं वेष्टन, असतो हे त्यांना कॉलेजात कोणी सांगितलेलंच नसतं. रामबागेतला माझा भाचा परवा विचारत होता, मामा, जावाचा ऑब्जेक्ट सी++ मधे जपून ठेवला, पहिला कॉल नीट चालला, दुसऱ्या कॉलला अख्खी जेव्हीएम (जावाचा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) क्रॅश, असं का? त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

एका भाषेतून दुसऱ्या भाषेतलं नुसतं फंक्शन बोलवणं कधीच फार अवघड नव्हतं, सी ची कॉल करायची पद्धत सगळ्यांनी मान्य केली होती. खरी पंचाईत ऑब्जेक्टची, कारण तो कॉल संपल्यावरही जगतो, मग त्याची मेमरी कुठल्या भाषेने सोडायची? १९९१ ला वेगवेगळ्या भाषांतले ऑब्जेक्ट जोडणारं कोर्बा नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात इंटरफेस (ऑब्जेक्टला काय काय सांगता येतं त्याची यादी) एका वेगळ्या भाषेत लिहायचा आणि प्रत्येक भाषेसाठी कोड जनरेट करायचा. त्याच कामासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या कॉमने १९९३ मधे ऑब्जेक्ट किती जणांनी धरलाय याची सरळ मोजणी लावली, घेतला की अ‍ॅडरेफ म्हणून एक वाढवायचा, सोडला की रिलीज म्हणून एक कमी करायचा, शून्य झालं की ऑब्जेक्ट गेला. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत डेव्हिड बीझलीने १९९५ मधे स्विग हे टूल सुरू केलं, सी चे हेडर (फंक्शनांची यादी असलेल्या फायली) वाचून रॅपर आपोआप तयार करणारं, म्हणजे वैज्ञानिकांना सिम्युलेशन स्क्रिप्टमधून चालवता यावं. माझ्या मते पायथन सायन्सवाल्यांपर्यंत पोचलं त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

१९९७ ला जावाच्या जेडीके १.१ बरोबर जेएनआय, म्हणजे जावा आणि सी/सी++ जोडायची सोय, आलं, आणि भाच्याचा घोळ इथलाच. नेटिव्ह मेथडला, म्हणजे सी/सी++ मधे लिहिलेल्या फंक्शनला, जावाच्या ऑब्जेक्टचा मिळतो तो लोकल रेफरन्स (तात्पुरता पत्ता), मेथड परतली की तो बाद, जपायचा असेल तर ग्लोबल रेफरन्स मागून घ्यावा लागतो आणि काम झालं की आठवणीने सोडावाही लागतो.

पण सगळ्यात जास्त त्रास मेमरी सोडायचे दोन वेगळे हिशेब समोरासमोर आले तेव्हा झाला. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मधे पानावरचे एलिमेंट कॉमचे, म्हणजे मोजणीवाले, आणि जेस्क्रिप्टला (त्यातल्या जावास्क्रिप्टला) स्वतःचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे कोणी न धरलेले ऑब्जेक्ट शोधून मेमरी सोडणारा. एलिमेंटने हँडलर (क्लिक वगैरे झाल्यावर चालणारं जेस्क्रिप्टचं फंक्शन) धरलेला, हँडलरच्या क्लोजरने, म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या व्हेरिएबलनी, तोच एलिमेंट धरलेला, कलेक्टरला कॉमच्या बाजूचं दिसत नाही आणि मोजणी शून्यावर येत नाही, त्यामुळे पान बदललं तरी मेमरी अडकलेलीच. फायरफॉक्सलाही हे दुखणं होतं, त्यांनी २००८ च्या फायरफॉक्स ३ मधे दोन्हीकडे कोणी कोणाला धरलंय ते एकत्र बघून असं वर्तुळ तोडणारा सायकल कलेक्टर घातला. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर तुकडा वाटतो, कारण एकाच बाजूने कितीही हुशारी केली असती तरी हे सुटलंच नसतं.

नंतर सोयी वाढत गेल्या. २००६ ला सी ची लायब्ररी बोलवणारं सीटाइप्स पायथनमधेच आलं, सी++ पायथनला जोडणाऱ्या २०१५ च्या पायबाइंड११ मधे परत दिलेला ऑब्जेक्ट पायथनने ताब्यात घ्यायचा, कॉपी करायचा का नुसता बघायचा हे लिहून सांगता येतं. आणि मार्च २०२४ च्या जावा २२ मधे जावाच्या बाहेरची मेमरी आणि सी ची फंक्शनं वापरायची नवी एपीआय पक्की झाली, त्यात मेमरी एका अरीनाच्या (मेमरी कधीपर्यंत जिवंत ते ठरवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) नावावर असते, अरीना बंद केल्यावर जावातून तिला हात लावला तर जेव्हीएम मरत नाही, साधं एक्सेप्शन येतं. सी ची लायब्ररी नव्याने जोडायची असेल तर मी भाच्याला हेच वापर म्हणून सांगितलंय, जावाचे ऑब्जेक्टच पलीकडे ठेवायचे असतील तर मात्र जेएनआय आणि ग्लोबल रेफरन्स आहेच.