मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसक्यूएलमध्ये स्थलांतर

संकेतस्थळाचा डेटा आणि तो हाताळणाऱ्या क्वेरी (डेटाबेसला दिलेल्या आज्ञा) मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीतून पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत नेणे हे एसक्यूएल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेच्या एका बोलीतून दुसरीत जाण्याचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे. एसक्यूएलचे प्रमाणीकरण १९८६ मध्ये आन्सी या अमेरिकी मानक संस्थेने आणि १९८७ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने केले. परंतु प्रत्येक प्रणालीने या प्रमाणित भाषेत स्वतःची भर घातली आणि त्यातील काही भाग वेगळ्या रीतीने राबवला, त्यामुळे एकीकडे बिनतक्रार चालणारी क्वेरी दुसरीकडे अडते किंवा, अधिक वाईट म्हणजे, न अडता वेगळे उत्तर देते.

अडणाऱ्या क्वेरींचे काम तुलनेने सोपे असते. नावांभोवतीची उलटी अवतरणचिन्हे काढणे, नोंदींना आपोआप क्रमांक देण्यासाठी ऑटो-इन्क्रिमेंटऐवजी आयडेंटिटी कॉलम घेणे (पोस्टग्रेसक्यूएलमध्ये तो २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आहे), मूल्य नसल्यास पर्यायी मूल्य देणाऱ्या ‘आयएफनल’च्या जागी ‘कोअलेस’ लिहिणे, असे बदल एरर मेसेज वाचतच उरकता येतात. ‘०००० साल, शून्य महिना, शून्य दिवस’ ही मायएसक्यूएलच्या जुन्या टेबलांत आढळणारी तारीख पोस्टग्रेसक्यूएल स्वीकारत नाही. तिथे नल (‘मूल्य नाही’ अशी खूण) भरावे लागते आणि ती तारीख तपासणारा कोडही बदलावा लागतो.

खरा धोका मूक फरकांचा असतो. मायएसक्यूएलच्या मूळ मांडणीत रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे तुलनेत समान मानली जातात, तर पोस्टग्रेसक्यूएल ती वेगळी मानते. मोठ्या अक्षराने सुरू होणारा ईमेल पत्ता देऊन नोंदणी केलेल्या सभासदाने स्थलांतरानंतर तोच पत्ता लहान अक्षरात टाकला, तर त्याचे खाते सापडत नाही. उलट युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) असूनही त्याच पत्त्यावर दुसरे खाते उघडता येते. यावर पत्त्याच्या लहान अक्षरांतील रूपावर युनिक इंडेक्स ठेवणे आणि शोधतानाही तेच रूप वापरणे हा उपाय आहे. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत मायएसक्यूएल नल नोंदी आधी देते, पोस्टग्रेसक्यूएल शेवटी. त्यामुळे पहिल्या दहा नोंदी दाखवणारे पान कोणताही एरर न येता बदलते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. ८.० पूर्वीच्या मायएसक्यूएलचा मूळ कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा लॅटिन-१ असल्यामुळे अनेकदा यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या पद्धतीतील मजकूर लॅटिन-१ म्हणून घोषित केलेल्या टेबलांत साठवला जाई. कनेक्शनही लॅटिन-१ असेपर्यंत पान नीट दिसते, पण सरळ रूपांतर करताच देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट तीन असंबद्ध चिन्हे होऊन बसतात. म्हणून असा मजकूर आधी ओळखून त्याचे मूळ बाइट तसेच उतरवून घ्यावे लागतात. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ-८’ कॉलममध्ये एका चिन्हासाठी तीनच बाइट मिळतात; देवनागरी त्यात मावते, मात्र २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी चार बाइटांची असल्याने मावत नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही मर्यादा नाही.

जुने क्रमांक कायम ठेवून नोंदी उतरवल्यास पोस्टग्रेसक्यूएलचा सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक) आपोआप पुढे सरकत नाही आणि पहिलीच नवी नोंद प्रायमरी की वर, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या एकमेव ओळख-क्रमांकावर, आदळते. त्यामुळे प्रत्येक सीक्वेन्स त्या टेबलातील सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणून ठेवावा लागतो. पीजीलोडरसारखी डेटा उतरवणारी साधने हे काम करतात, पण कोडमधील क्वेरी ती बदलत नाहीत. त्या तपासण्यासाठी खऱ्या डेटाच्या प्रतीवर दोन्ही प्रणालींत एकच क्वेरी चालवून नोंदींची संख्या, मजकूर आणि, जिथे क्वेरीत क्रम मागितला आहे तिथे, क्रमही ताडून पाहतात.