ऑपरेटिंग सिस्टीममधील सुरक्षितता आणि सोय

संगणकाच्या किंवा फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमने वापरणाऱ्याला कुठे अडवावे, कुठे विचारावे आणि कुठे मुकाट्याने वाट द्यावी, हे ठरवण्याचा प्रश्न. पासवर्ड, परवानगी मागणाऱ्या चौकटी, अपडेट, डिस्कचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) हे सगळे याच्या पोटात येते. त्याचे वर्णन बहुधा तराजूने करतात: एक पारडे खाली गेले की दुसरे वर. ही उपमा अर्धीच खरी आहे. जाच वाढला की माणूस सुरक्षा बंद तरी करतो, नाहीतर तिला बगल देतो. मग दोन्ही पारडी रिकामीच.

कोकणातल्या जुन्या घराची मांडणी इथे जास्त कामाची. गडग्याचे बेडे सरकवून खळ्यात कुणीही येतो. पाहुणा ओटीवर टेकतो, गूळपाणी त्याला तिथेच मिळते. माजघर घरच्यांचे, देवघर सोवळ्यातल्याचे. कोणी कुठवर जायचे हे जागाच सांगते. पावलोपावली विचारपूस लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमही अशीच रचलेली असते: अगदी आत हार्डवेअरचा ताबा असलेला गाभा म्हणजे कर्नल, बाहेर साधी ॲप्स आणि मध्ये अधिकारांचे उंबरे. फरक एकच, पण तो मोठा आहे. घरधनी पाहुण्याचा चेहरा ओळखतो. संगणकाच्या लेखी तुम्ही उघडलेला प्रोग्राम म्हणजे तुम्हीच. ईमेलमधून आलेली खोटी पावती उघडली, की ती तुमचेच अधिकार घेऊन माजघरात फिरू लागते.

हा पेच जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातील सीटीएसएस ही अनेकांनी एकाच वेळी वापरायची आरंभीची प्रणाली. पासवर्डची प्रथा तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली. एका निर्देशिकेत (फोल्डरमध्ये) एका वेळी एकानेच काम करायचे, असे तिच्या रचनेत गृहीत होते. प्रणाली सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी ते बंधन सैल केले गेले. १९६६मध्ये एक जण पासवर्डची फाइल आणि दुसरा लॉगिन करताच दिसणाऱ्या रोजच्या सूचनेची फाइल एकाच वेळी दुरुस्त करत होता. एडिटरच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे सगळ्यांचे पासवर्ड उमटले. पुढे १९७५मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यांतले गाजलेले. आठवे मागे पडले: संरक्षणाची रीत वापरणाऱ्याच्या अंगवळणी पडेल इतकी सोपी हवी, म्हणजे ती न सांगता बरोबर पाळली जाईल. संगणक उद्योग पुढची कित्येक वर्षे हेच तत्त्व ठेचा खात शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत गाजलेली ठेच विंडोजची. २००१च्या विंडोज एक्सपीत घरगुती संगणकावरचे पहिले खाते जन्मतःच प्रशासकाचे, म्हणजे सगळे अधिकार असलेले असे. काही बसवायला कुणाला विचारावे लागत नसे, आणि व्हायरसलाही नसे. पुढची आवृत्ती व्हिस्टा आली तेव्हा यूएसी नावाची पहारेकरीण सोबत आली. महत्त्वाच्या बदलाआधी पडदा काळवंडून ती परवानगी मागे, आणि दिवसातून इतक्या वेळा मागे, की लोक न वाचताच होकार देऊ लागले. काहींनी तिला घरीच पाठवले. ग्राहकांना त्रास व्हावा हाच हेतू होता, असे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने २००८मध्ये जाहीरपणे सांगितले. लोक वैतागले म्हणजे प्रोग्राम लिहिणारे विनाकारण प्रशासकाचे अधिकार मागणे सोडतील, असा तो हिशेब. तो बऱ्याच अंशी जुळलाही. फक्त त्याची किंमत ज्याने भरली त्याला कुणी विचारले नव्हते. २००९च्या विंडोज ७ने विचारणा कमी केली आणि ती किती हवी हे ठरवायला चार पायऱ्यांची सरकपट्टी दिली. विंडोजच्या स्वतःच्या काही प्रोग्रामना दिलेल्या सवलतीतून, चौकट न दिसता अधिकार मिळवण्याच्या वाटाही लगोलग सापडल्या.

किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत हा प्रश्न पोहोचवला तो पेन ड्राइव्हने. झेरॉक्सच्या दुकानात शाळेचा प्रकल्प, सातबारा, लग्नपत्रिका, दशावताराचा बॅनर, सगळे एकाच पोर्टमधून जाते. विंडोजमध्ये ऑटोरन नावाची सोय होती, सीडीच्या जमान्यातली: माध्यम आत गेले की त्यातला प्रोग्राम आपणहून चाले. २००८च्या अखेरीस पसरू लागलेल्या कॉन्फिकर या घातक प्रोग्रामने तिचाही फायदा उठवला. विंडोज ७मध्ये ही सोय पेन ड्राइव्हपुरती बंद झाली, फेब्रुवारी २०११च्या अपडेटने जुन्या आवृत्त्यांतही. दुकानदाराचे एखाददुसरे क्लिक वाढले, इतकेच.

अपडेटचे दुखणे अवघड. १२ मे २०१७ रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. ते न बसवण्यामागे दरवेळी आळस नसतो. कोकणात पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. दाखल्यासाठी रांग लागलेली, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतो आहे आणि पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’. असे एकदा घडले की पुढच्या वेळी ‘नंतर’ हेच बटण दाबले जाते. २०१६च्या अँड्रॉइड ७ने यावर चांगला तोडगा काढला: ज्या फोनांत ही सोय आहे त्यांत नवी आवृत्ती वापर चालू असतानाच दुसऱ्या कप्प्यात बसते आणि ती नीट सुरू झाली नाही तर जुनी पुन्हा उभी राहते.

त्याच आवृत्तीने कूटलेखनही फाइलवार केले. त्याआधी पूर्ण कूटलेखन केलेला फोन रात्री आपोआप रीस्टार्ट झाला, तर पासवर्ड टाकेपर्यंत गजरसुद्धा वाजत नसे. पहाटे तीनला होडी लोटणाऱ्याच्या हिशेबी तो फोन बिघडलेलाच. आता गजर आणि येणारे कॉल ओटीवर, फोटो आणि निरोप माजघरात.

बोटाच्या ठशाने कुलूप सोपे केले. २०१३मध्ये ॲपलने टच आयडी आणला तेव्हा निम्मे लोक फोनला पासकोडच लावत नाहीत, असे कंपनीने सांगितले होते. पण मासळीने ओल्या झालेल्या हाताला असा सेन्सर सहसा दाद देत नाही आणि चिरेखाणीत राबणाऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांच्या वाट्याला पुन्हा पिनच येतो, आणि फोन घरात एकच असला की तो पिन पोराटोरांनाही पाठ.

पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलायला लावण्याचा आग्रह अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७मध्ये सोडला. गळती झाल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा, असे ती सांगते. सक्तीने बदललेला पासवर्ड जुन्याच शब्दामागे वाढवलेला आकडा असतो आणि तो काउंटरमागच्या कॅलेंडरवर लिहिलेला सापडतो. होमस्टेच्या किंवा सेवा केंद्राच्या सामायिक संगणकावर रोजच्या कामाला साधे खाते आणि प्रशासकाचे वेगळे, एवढी विभागणी त्याहून जास्त उपयोगी पडते.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ती नसलेले, पण एरवी ठणठणीत चालणारे संगणक अजून पुष्कळ दुकानांत आहेत, आणि नवा घ्यायचा तर तो आंब्याचे पैसे हातात आल्यावर.